येऊरच्या चढाला दोन लाखांची सायकल

ठाण्यात उपवनहून येऊरच्या फाटकाकडे चढणाऱ्या रस्त्यावर रविवारी सकाळी ज्या सायकली दिसतात, त्यांची किंमत आणि चालवणाऱ्याची दमछाक यांचा एकमेकींशी काही संबंध नसतो. पंधरा हजारांची गिअरवाली सायकल घेतलेला कॉलेजातला मुलगा गप्पा मारत चढतो आणि दोन लाखांच्या, पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप असलेल्या सायकलवरचे काका तिसऱ्या वळणावर पाणी प्यायला उतरतात. यात हसण्यासारखं काही नाही. काका सायकलवर आले हेच मोठं. पण दुकानात उभ्या असलेल्या, पहिली नाहीतर दुसरी सायकल घ्यायला निघालेल्या ठाणे-कल्याण-डोंबिवलीतल्या माणसाला एक प्रश्न खरोखर सोडवायचा असतो. आपण काही शर्यतीतले खेळाडू नाही, आठवड्यातून एक-दोनदा वीस-तीस किलोमीटर चालवणार, उतारावर दोन्ही ब्रेक धरून येणार, स्पीडब्रेकरवरही सीटवरून उठणार नाही. अशा बेताच्या चालकाने माउंटन बाइकवर लाख-दोन लाख घालावेत का? माझं उत्तर ‘घालू नयेत’ असंच आहे, पण कारण ‘तुमची लायकी नाही’ हे नव्हे. महागड्या सायकलचे काही भाग कुठल्याही वेगाला काम देतात आणि काही भाग वेग, उतार आणि खडक यांच्याशिवाय कामालाच लागत नाहीत. बेताच्या चालकाला पहिल्या जातीच्या भागांची गरज कसलेल्या चालकापेक्षाही जास्त असते. किंमत मात्र लाखाच्या वर जाते ती दुसऱ्या जातीच्या भागांमुळे.

हे दुसऱ्या जातीचे भाग आले कुठून हे पाहिलं की बरंच काही उलगडतं. माउंटन बाइक हा प्रकार कॅलिफोर्नियातल्या मॅरिन काउंटीत जन्मला. १९७० च्या दशकात तिथली पोरं तीस-चाळीस वर्षं जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावर नेऊन खाली सोडायची. १९७६ मध्ये त्यांनी त्याची रीतसर शर्यत सुरू केली; साडेतीन किलोमीटरच्या आत सुमारे चारशे मीटर उतरणारा मातीचा रस्ता. मागच्या हबमधला पॅडल उलटं फिरवून लागणारा ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि दर फेरीनंतर हब खोलून नवं ग्रीस भरावं लागायचं. इंग्रजीत त्या पुन्हा भरण्याला ‘रीपॅक’ म्हणतात, म्हणून शर्यतीचं नावही रीपॅकच पडलं. पुढच्या वर्षी जो ब्रीझ यांनी खास या कामासाठी फ्रेम बनवली. नव्वदच्या दशकात पुढचा शॉकअप रुळला, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ शिरला, मग मागचा शॉकअप, तेलावर चालणारे डिस्क ब्रेक, हँडलवरच्या बटणाने खाली जाणारी सीट असं एकेक येत गेलं. म्हणजे आज दुकानात जी किंमत दिसते ती मुख्यतः उताराने वसूल केलेली किंमत आहे. चढावर आणि सपाटीवर यातल्या बहुतेक गोष्टी नुसतं वजन म्हणून सोबत येतात.

आता असा उतार आपल्याकडे कुठे आहे ते पाहू. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कुशीत आहे. सुमारे १०३ चौरस किलोमीटरचं हे उद्यान मुंबई उपनगर आणि ठाणे अशा दोन जिल्ह्यांत पसरलंय आणि त्याला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू आहे. सायकल जिथे जाते तो येऊरचा मुख्य रस्ता डांबरी आहे. आजूबाजूच्या पायवाटांवर परवानगीशिवाय घुसणं बेकायदा आहे, आणि जिथे बिबट्या राहतो तिथे पहाटेच्या अंधारात घुसणं वेडेपणाही आहे. घोडबंदर रोडच्या नागला, गायमुख भागातल्या जंगलाचंही तेच. कल्याण-डोंबिवलीकडून बाहेर पडलात तर मलंगगडाचा पायथा, काटई-बदलापूर पाइपलाइन रोड, बारवी धरणाकडचा रस्ता, बदलापूरहून कोंडेश्वर, गांधारी पुलावरून बापगाव, नाहीतर टिटवाळा-गोवेली. यातला नव्वद टक्के भाग डांबर, काँक्रीट, खड्डे आणि खडी. थोडी मातीची गाडीवाट, शेताचा बांध, पावसाळ्यानंतर उखडलेला एखादा पट्टा. मलंगगडावर जायला पायऱ्या आहेत आणि माळशेज, कसारा हे घाट महामार्गांचे आहेत. १५० मिलिमीटर दबणाऱ्या शॉकअपला खुराक मिळेल असा, कायद्याने मोकळा, नियमित जाता येईल असा उतार रविवारच्या तीन तासांत गाठणं या पट्ट्यात जवळजवळ अशक्य आहे. रोजच्या वाटेवरचे शत्रू वेगळेच आहेत: निसटलेले पेव्हर ब्लॉक, मेट्रोच्या कामाचे लोखंडी पत्रे, काँक्रीटच्या दोन पट्ट्यांमधली टायर गिळणारी फट, पाण्याखाली लपलेला खड्डा. त्यांच्याशी लढायला रुंद टायर आणि चांगला ब्रेक पुरतो.

शॉकअपचं खरंखोटं तपासायची एक सोपी रीत आहे आणि ती कुणालाही जमेल. पुढच्या फोर्कच्या ज्या गुळगुळीत नळ्या खालच्या जाड नळ्यांत शिरतात, त्यातल्या एकीवर इलेक्ट्रिशियन वापरतो ती प्लॅस्टिकची बारीक पट्टी, केबल टाय, अलगद बांधायची. घट्ट नाही, बोटाने सरकेल इतकीच. ती खाली सीलला टेकवून ठेवायची आणि सायकल नेहमीच्या रस्त्यावर नेहमीसारखी चालवायची. फोर्क जितका दबेल तितकी पट्टी वर ढकलली जाते आणि तिथेच राहते. काही महागड्या फोर्कवर याच कामासाठी रबरी कडी कंपनीनेच दिलेली असते. घरी येऊन पट्टीने मोजा. १२० मिलिमीटरचा फोर्क तुम्ही नुसते बसल्याने वीस-पंचवीस मिलिमीटर दबणं अपेक्षितच आहे. उपवन ते येऊर आणि परत, किंवा डोंबिवली ते मलंगगड पायथा आणि परत, एवढ्यात पट्टी पन्नास-साठच्या पुढे गेली नसेल तर हिशेब स्पष्ट आहे: १२० पैकी निम्मा फोर्क तुम्ही वापरलाच नाही आणि १५० चा घेऊन काही वेगळं होणार नाही. हा पुरावा दुकानदाराच्या, मित्राच्या आणि यूट्यूबवरच्या परीक्षकाच्या मतापेक्षा भारी आहे, कारण तो तुमच्याच वजनाचा, तुमच्याच वेगाचा आणि तुमच्याच रस्त्याचा आहे. मित्राची सायकल तासभर मागून घेतलीत तरी पुरे. मात्र एक खबरदारी घ्या. हवेच्या फोर्कमध्ये हवा जास्त भरली असेल तर पट्टी उगाचच कमी सरकते, तेव्हा आधी हवा तुमच्या वजनाला जुळवून घ्यायची.

वजनाकडे वळू, कारण विक्रेता पहिली सायकल एका हाताने उचलूनच दाखवतो. महागडी हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे शॉकअप असलेली सायकल, बारा किलोच्या आसपास भरते. साधी सोळा किलोची. चार किलोचा फरक हातात मोठा वाटतो. चढावर तो किती उरतो? चालक सत्तर किलोचा, पायांत सातत्याने १२० वॉट काढणारा धरू. न कसलेल्या माणसाला हे झेपतं. सोळा किलोच्या सायकलसह एकूण ८६ किलो शंभर मीटर उंचीवर न्यायला, टायरचं घर्षण आणि वारा सोडून, सुमारे ७०० सेकंद लागतात. बारा किलोच्या सायकलसह ८२ किलो न्यायला ६७०. फरक अर्ध्या मिनिटाचा. अर्ध्या मिनिटासाठी साठ-सत्तर हजार मोजणारा खेळाडू असू शकतो. पाणी प्यायला दोन मिनिटं थांबणाऱ्याने ते का मोजावेत? शिवाय दुसऱ्या जातीची महागडी सायकल, दोन्हीकडे शॉकअपवाली, हलकी नसतेच. तिचंही वजन बहुधा चौदा-पंधरा किलोच्या घरात जातं आणि प्रत्येक पॅडलबरोबर मागचा शॉकअप थोडी ताकद खाऊन टाकतो.

याला एका प्रयोगाचाही आधार आहे. डिसेंबर २०१० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जेरेमी ग्रोव्हज या भूलतज्ज्ञाने आपल्या दोन सायकलींची तुलना छापली. एक पन्नास पौंडांना जुन्या बाजारात घेतलेली, साडेतेरा किलोची स्टीलची. दुसरी हजार पौंडांची, साडेनऊ किलोची कार्बनची. फरक पुन्हा चार किलोचाच. घर ते इस्पितळ जाऊन-येऊन ४३ किलोमीटर, आणि आज कुठली न्यायची हे नाणं उडवून ठरवायचं. जवळपास सहा महिन्यांत स्टीलच्या ३० आणि कार्बनच्या २६ फेऱ्या झाल्या. सरासरी वेळ स्टीलला १ तास ४७ मिनिटं ४८ सेकंद, कार्बनला १ तास ४८ मिनिटं २१ सेकंद. यावर आक्षेप घेता येतात आणि ते रास्त आहेत: चालक एकच, सायकली रस्त्याच्या, डोंगराच्या नव्हेत; आणि डॉक्टरसाहेबांच्या लिखाणाला थोडी खोडकर झालरही आहे. पण आपल्या वापराचा नव्वद टक्के भाग रस्त्याचाच आहे, हे वर पाहिलं. त्यामुळे हा पुरावा आपल्याला शर्यतीच्या डोंगरावरच्या कुठल्याही निकालापेक्षा जवळचा आहे.

चढावर बेताच्या चालकाला खरोखर तारतो तो लहान गिअर, आणि इथे महागड्या सायकलची बाजू खरी आहे हे मान्य करायला हवं. स्वस्त सायकलला पुढे तीन आणि मागे सात चकत्या असतात; सर्वांत हलका गिअर पुढे २४ दाते, मागे २८. मिनिटाला साठ पॅडल मारत राहिलं तर २९ इंची चाकावर वेग ताशी सात किलोमीटरच्या थोडा पुढे ठेवावाच लागतो, आणि दहा टक्क्यांच्या चढावर त्याला साधारण १६५ वॉट लागतात. लाखाच्या सायकलला पुढे एकच ३२ दात्यांची चकती आणि मागे बारा, त्यातली मोठी ५१ दात्यांची. तिथे साठ पॅडलला ताशी पाच किलोमीटर पडतात आणि १२० वॉट पुरतात. हा फरक चार किलोंच्या फरकासारखा दिखाऊ नाही. तो उतरून ढकलणं आणि बसून चढणं यांच्यातला आहे. पण याच फायद्याचा मोठा हिस्सा साध्या सायकलवर मागची सात चकत्यांची फ्रीव्हील बदलून मिळतो. १४ ते ३४ दात्यांची, मेगारेंज नावाने ओळखली जाणारी फ्रीव्हील हजार-बाराशेच्या आसपास येते. चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा मागचा डिरेलर लांब पिंजऱ्याचा असावा लागतो, चेन बहुधा थोडी मोठी घालावी लागते, मजुरी वेगळी. २४ ला ३४ असं झालं की तोच चढ सुमारे १३५-१४० वॉटमध्ये सुटतो. दुकानात हे कुणी आपणहून सुचवत नाही, कारण हजार रुपयांच्या फ्रीव्हीलमध्ये सुटणाऱ्या माणसाला लाखाची सायकल विकता येत नाही.

ब्रेकच्या बाबतीत मात्र काटकसर करू नका. किंबहुना कसलेला चालक वाईट ब्रेकवरही निभावून नेईल, कारण तो वळणाआधीच वेग कमी करतो, वजन मागे नेतो, पुढचा ब्रेक मोजून दाबतो. बेताचा चालक उशिरा दाबतो, घाबरून दाबतो आणि मागचाच जास्त दाबतो. ताशी २५ च्या वेगातून व्यवस्थित ब्रेक लावला तर पाच मीटरच्या आसपास थांबता येतं. निम्म्याच जोराने लागला तर दहा मीटर जातात. शिळफाट्याच्या रस्त्यावर मध्येच वळणाऱ्या रिक्षापासून हे पाच मीटर म्हणजे सगळंच. भर जुलैत ओल्या रिमवर रबर घासणारा ब्रेक पहिल्या एक-दोन फेऱ्यांत फक्त पाणी पुसतो. डिस्कला हा त्रास कमी, आणि तेलावर चालणाऱ्या डिस्कला एका बोटाची ताकद पुरते, त्यामुळे बाकीची बोटं हँडलवर घट्ट राहतात. उतारावर ज्याचे हात दुखून येतात त्याला हा फरक पहिल्याच दिवशी कळतो. हायड्रॉलिक डिस्क मिळायला लाख मोजावे लागत नाहीत. ३५ ते ६० हजारांच्या पट्ट्यात त्या सर्रास मिळतात. सायकलींवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या बिलाशी तुलना करताना तेही ध्यानात ठेवा.

आता आक्षेप. सर्वांत वजनदार आक्षेप असा की महागडी सायकल चुका पोटात घालते, मग चुका करणाऱ्यालाच ती जास्त उपयोगी नाही का? रुंद टायर, खोल शॉकअप, पुढे कललेला फोर्क यांनी सायकल खड्ड्यावरून खरंच सहज जाते. पण माफी मिळाल्यावर माणूस काय करतो, याचाही एक अनुभव गाठीशी आहे. म्युनिकमध्ये १९८० च्या दशकात टॅक्सींच्या एका ताफ्यात निम्म्या गाड्यांना चाक लॉक न होऊ देणारे ब्रेक बसवले आणि निम्म्या तशाच ठेवल्या. नवे ब्रेक चांगले होते यात शंका नव्हती. तरीही दोन्हींच्या अपघातांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही, कारण चांगले ब्रेक मिळालेले चालक गाडी जास्त झोकात हाकू लागले. शॉकअपचंही तसंच आहे. ज्या दगडावर आधी हँडल थरथरलं असतं आणि आपसूक वेग कमी झाला असता, तिथे आता काही कळत नाही. कळतं ते पुढच्या वळणावर, दहा किलोमीटर जास्त वेगाने. कौशल्य न वाढता वेग वाढला की जी चूक घडते ती पोटात घालण्याच्या आकाराची नसते. मी वर ब्रेकवर खर्च करा म्हटलं, मग तिथेही हाच धोका नाही का, असं कुणी विचारेल. आहे, थोडा आहेच. पण भरवस्तीत अडथळा चालकाने निवडलेला नसतो, समोरून येतो. त्याच्यासाठी थांबता येणं ही गरज आहे. डोंगरावरून वेगाने येणं ही निवड आहे.

त्यात उतारासाठी बनवलेल्या फ्रेमची एक खोड आहे. तिचा फोर्क ६४-६५ अंशांत पुढे झुकलेला असतो. तीव्र उतारावर, वेगात, त्याने सायकल सरळ राहते. तीच सायकल हळू चढवताना किंवा गर्दीत रेंगाळताना पुढचं चाक भरकटतं, वळवायला जड जातं. साध्या माउंटन बाइकचा कोन ६८ ते ७० च्या आसपास असतो आणि ताशी आठ-दहाच्या वेगाला तोच सोयीचा. म्हणजे बेताच्या चालकाला ही सायकल ‘थोडी जास्तच चांगली’ पडते असंही नाही. ज्या वेगात तो असतो त्या वेगात ती चक्क वाईट चालते.

दुसरा आक्षेप घरोघरी ऐकू येतो: महाग घेतली की चालवली जाते, पैसे टोचतात. आणि त्याच्या जोडीला, आज नाही तरी उद्या शिकू, मग पुन्हा कशाला बदला? मुलाला वाढत्या मापाचा शर्ट घ्यावा तशी ही सायकल घेतली जाते. वाढत्या मापाचा शर्ट निदान पुढच्या वर्षी तसाच असतो. सायकलची रबरी सील, तेल, बेअरिंग न वापरताही जुनी होतात. पैसे टोचण्याबद्दल म्हणाल तर डोंबिवलीची नेहमीची इमारत डोळ्यांपुढे आणा: तीन मजले, लिफ्ट नाही, खाली पार्किंगमध्ये दुचाक्यांची खेचाखेच. पंचवीस हजारांची सायकल खाली साखळीने बांधून माणूस निवांत झोपतो. दीड लाखांची सायकल जिन्यावरून वर जाते, हॉलमध्ये सोफ्यामागे उभी राहते, चिखलाची असेल तर घरात वाद होतो. स्टेशनजवळच्या स्टँडवर तिला लावायची छाती होत नाही, भाजीला नेता येत नाही, पावसात काढवत नाही. किंमत जितकी चढते तितक्या तिच्या बाहेर पडण्याच्या वेळा कमी होतात आणि शिकणं तर फक्त वेळांनी होतं. ज्याला पुढे खरोखर डोंगरात जायचंय त्याने दोन वर्षं अशी सायकल वापरावी जी रोज बाहेर निघते. त्या दोन वर्षांत त्याला काय कमी पडतंय हे नेमकं कळेल. आज ते फक्त दुकानदाराला कळलंय.

देखभालीचा खर्च घेताना कुणी मोजत नाही. इथे पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि खाडीकडची हवा खारट; लोखंडाला आणि बेअरिंगला दोन्ही वाईट. मागच्या शॉकअपच्या सांध्यांत सात-आठ बेअरिंग असतात, चिखलपाण्याने ती कुरकुरू लागतात, आणि ती काढायची हत्यारं गल्लीतल्या सायकलवाल्याकडे नसतात. चांगल्या हवेच्या फोर्कला कंपनी दर पन्नास तासांनी खालचा भाग खोलून तेल बदलायला सांगते. आठवड्याला तीन तास चालवणाऱ्याला हे वर्षातून तीनदा आलं. बारा चकत्यांची चेन पातळ आणि महाग. ती वेळेवर बदलली नाही तर मागची चकत्यांची थप्पी खाते, आणि वरच्या श्रेणीतली थप्पी पंधरा-वीस हजारांच्याही पुढे जाते. याउलट सात किंवा आठ चकत्यांची सायकल टिटवाळ्याच्या पुढे बिघडली तरी पंक्चर काढणारा, रिमचा आउट काढणारा, तुटलेली तार बदलणारा, ब्रेकची केबल घालणारा कुणीतरी सापडतो. चांगल्या कारागिराची ही उपलब्धता सायकलच्या दर्जाचाच भाग धरायला हवी, आणि माहितीपत्रकात तो रकाना नसतो.

तिसरा आक्षेप खरं तर आक्षेप नाहीच: पैसे माझे, हौस माझी. याला उत्तर द्यायचं कारण नाही. हौसेला मोल नसतं, आणि कुणी सुंदर यंत्र घरात असावं म्हणून घेत असेल तर त्याने जरूर घ्यावं. फक्त त्याला आरोग्याचं, सुरक्षिततेचं किंवा प्रगतीचं नाव देऊ नये. आणि काही जणांसाठी हा खर्च खरोखर योग्यही आहे. जो दर पंधरवड्याला सह्याद्रीच्या मातीच्या वाटांवर, गावच्या आणि वनखात्याच्या परवानगीने, जातो. ज्याची केबल टाय शेवटपर्यंत सरकते. ज्याचे टायर कडेच्या गुठळ्यांवर झिजलेत, मधल्या पट्टीवर नाही, त्याला लाखाची सायकल शोभते आणि पुरतेही. उंच किंवा शंभर किलोच्या पुढच्या माणसालाही मजबूत चाकं आणि योग्य मापाची फ्रेम यांसाठी थोडं वर जावं लागतं. पाठ किंवा मनगट दुखतं म्हणून शॉकअप हवा असं म्हणणाऱ्यांनी मात्र आधी फ्रेमचं माप, सीटची उंची आणि टायरमधली हवा तपासावी. टायरच्या कडेवर ६५ छापलंय म्हणून ६५ पीएसआय भरणारे खूप आहेत. २.१ इंची टायरला सत्तर किलोच्या माणसाने काँक्रीटवर चाळीस-पंचेचाळीस आणि मातीत तीस-पस्तीस ठेवलं तर निम्मी कुरकुर फुकटात थांबते.

स्वस्तातलं सगळं चांगलं, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. बाजारात आठ-बारा हजारांना दोन्हीकडे स्प्रिंग लावलेल्या, भडक रंगाच्या, ‘एमटीबी’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या सायकली मिळतात. त्यांचा मागचा शॉकअप नुसता हेलकावे खातो, एकूण वजन अठरा-वीस किलो, डिस्क ब्रेक नावाला. महागड्या सायकलची नक्कल म्हणूनच त्या विकल्या जातात आणि बेताच्या चालकाचं सर्वांत जास्त नुकसान त्याच करतात, कारण सहा महिन्यांत तो सायकलच सोडतो. तेवढ्याच पैशांत शॉकअप नसलेली, ताठ फोर्कची साधी सायकल कितीतरी चांगली मिळते.

तेव्हा दुकानात गेल्यावर मागचा शॉकअप डोक्यातून काढा आणि पैसे या क्रमाने लावा: आपल्या मापाची फ्रेम, हायड्रॉलिक डिस्क, हलका गिअर, चांगले टायर. पुढचा फोर्क ८० ते १०० मिलिमीटरचा आणि लॉक करता येणारा असला म्हणजे झालं. उरलेल्या पैशांतून हेल्मेट, हातमोजे, पुढे-मागे दिवे आणि पंप घ्या, आणि थोडा वेळ शिकण्याला द्या. मोकळ्या मैदानात दोन्ही पॅडल समान उंचीवर ठेवून सीटवरून उठणं, नजर चाकावरून काढून दहा मीटर पुढे नेणं, पुढचा ब्रेक एका बोटाने हळूहळू दाबत थांबणं, एवढं चार रविवार केलंत तर येऊरचा उतार कुठल्याही फोर्कपेक्षा या सरावाने सोपा होईल. आणि एवढं सगळं वाचूनही लाखाच्या सायकलचा मोह सुटत नसेल तर ती वापरलेली घ्या. ठाणे-मुंबई पट्ट्यात हौसेने घेतलेल्या आणि सोफ्यामागे उभ्या राहिलेल्या सायकली नेहमीच विक्रीला असतात, बऱ्याचदा मूळ किमतीच्या बऱ्याच खाली. मागच्या चकत्यांचे दाते आणि सीटचा रंग पाहून ती किती चालली ते कळतं. बिल मागा, फ्रेमवरचा नंबर बिलाशी ताडून पाहा, आणि कार्बनची फ्रेम मात्र पडलेली आहे की नाही हे खात्रीने कळत नसेल तर कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.